उत्तर आजींनाच देऊ द्या

वाचकांचे प्रश्न : वार्धक्य आणि समाज

मागील अंकातील टिपणात मी असे लिहिले होते की, घरातील वृद्ध माणसाविषयी घरच्यांना विचारून मिळालेली माहिती ही घरच्यांची माहिती असते आणि तिच्यावरून त्या वृद्ध माणसाचे क्षेमकुशल ठरवता येत नाही. त्यावर मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे जाणीवपूर्वक वगळली आहेत.

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी आहे. पालक ऊसतोडीला गेल्यावर गावी मागे राहणाऱ्या वृद्धांवर माझा लघुप्रबंध आहे. धारूर तालुक्यातील एका गावात प्रश्नावली घेऊन गेले, परंतु बहुतेकांना वय सांगता येईना. प्रश्न आजींना विचारला की उत्तर शेजारी बसलेला नातू किंवा पुतण्या देई. आणि ‘तुम्ही समाधानी आहात का’ या प्रश्नाला तर सर्वांचे एकच उत्तर होते, ‘देवाची कृपा हाय.’ अशा माहितीवरून निष्कर्ष कसा काढावा?

उत्तर : या माहितीवरून निष्कर्ष काढू नये, हे आपल्याला जाणवले आहे आणि त्याच जाणिवेपासून अभ्यास सुरू होतो. तिन्ही अडचणींवर उपाय आहेत.

प्रथम वयाविषयी. आधार कार्डावरील तारीख उतरवून घेण्याचा मोह टाळावा. या पिढीतील असंख्य लोकांच्या कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख आढळते, कारण नोंदणीच्या वेळी केवळ अंदाजाने वर्ष सांगितले गेले होते. जनगणनेतसुद्धा सांगितलेली वये साठ, पासष्ट, सत्तर अशा आकड्यांभोवती गोळा झालेली दिसतात. त्यासाठी वार्धक्याचे अभ्यासक गावाच्या आठवणीतील घटनांचा तक्ता वापरतात आणि मराठवाड्यात असा तक्ता करणे अवघड नाही. रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलिस कारवाई, १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या तीन खुणा बहुतेक गावांत चालतात. एखादे आजोबा म्हणाले की, ‘पोलिस ॲक्शन झालं तवा मी वासरं राखीत होतो’, तर तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असावेत आणि जन्म १९४० च्या आसपासचा असावा, असे धरता येते. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला ही घटना पुस्तकात मोठी असली, तरी शेतमजूर बाईच्या आठवणीत ती क्वचितच सापडेल. तिला आठवते ती दुष्काळी कामावर फोडलेली खडी आणि तेथे मिळालेली सुकडी. त्या वेळी कडेवर कोणते लेकरू होते, ते थोरले की मधले, हे विचारावे. स्त्रियांच्या बाबतीत लेकरांच्या जन्मक्रमावरून काढलेले वय बहुधा अधिक विश्वसनीय ठरते. मिळालेले वय प्रबंधात ‘अंदाजे’ म्हणूनच नोंदवावे आणि ते कसे काढले तेही लिहावे.

दुसरी अडचण नातवाची. त्याला उठवून लावणे योग्य नाही, कारण तो आजींच्या काळजीपोटीच बसलेला असतो, आणि परक्या मुलीने घरातल्या माणसाला बाहेर काढले तर गावात आपल्यावरचा विश्वासही उडेल. पहिल्या भेटीत प्रश्नावली काढूच नये. सर्वांसमोर बसावे, चहा घ्यावा, आपण कोण व कशासाठी आलो ते सांगावे. नंतर आजी जेव्हा एकट्या सापडतात त्या वेळी जावे : सकाळी ढाळजेत तांदूळ निवडत असतात तेव्हा, शेळ्या घेऊन बांधावर बसलेल्या असतात तेव्हा किंवा हरिपाठ संपवून देवळाच्या पायरीवर विसावतात तेव्हा. आजींना कमी ऐकू येत असेल तर उंच आवाजात खाजगी प्रश्न विचारणे म्हणजे ते गल्लीला ऐकवणे होय. अशा वेळी जागा बदलावी, जवळ बसावे आणि तोंड त्यांना दिसेल असे सावकाश बोलावे.

तिसऱ्या अडचणीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण वृद्धांच्या सुखदुःखाचा बहुतेक अभ्यास येथेच फसतो. ‘समाधानी आहात का’ या प्रश्नाला परक्या माणसासमोर ‘नाही’ म्हणणे म्हणजे लेकावर आणि सुनेवर चारचौघांत ठपका ठेवणे असते, हे आजींना आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून समाधान विचारू नये. कालचा दिवस विचारावा. काल सकाळी किती वाजता उठलात, पाणी कोणी आणले, जेवण केव्हा झाले आणि ताटात काय होते, दिवसभरात कोणाशी बोललात, औषधाची गोळी होती की संपली होती, दुपारी पडायला मिळाले का, रात्री झोप लागली का. त्यानंतर पैशांविषयी विचारावे : निराधारची पगार कोणाच्या खात्यात येते, पासबुक कोणाजवळ असते, बाजाराला जाताना नातवाला खाऊ घ्यायचा झाला तर पैसे कोणाकडे मागावे लागतात. चष्मा मोडला असेल तर तो मोडून किती दिवस झाले, हा एकच प्रश्न घरातील वृद्धाच्या स्थानाविषयी पानभर माहिती देतो.

शरीराच्या क्षमतेसाठी जगभर वापरली जाणारी एक जुनी मोजपट्टी आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी वैद्यांनी ती १९६३ मध्ये मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा गोष्टी माणूस मदतीशिवाय करू शकतो का, हे तिच्यात पाहतात. ती अवश्य वापरावी, मात्र ‘होय’ या उत्तरावर थांबू नये. शौचाला स्वतः जाता येते असे सांगणाऱ्या अनेक आजींनी पुढे विचारल्यावर मला सांगितले आहे की, रात्री अंधारात बाहेर जावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळी अर्धीच भाकरी खातात आणि दिवस मावळल्यावर पाणी पीत नाहीत. मोजपट्टीवर त्या पूर्ण स्वावलंबी ठरतात. प्रत्यक्षात त्या आपले स्वावलंबन उपाशी राहून टिकवत असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला उकिडवे बसावे लागणारे शौचकूप घरात असले आणि नसले सारखेच, हेही त्यातूनच कळते.

आता आपल्या विषयाबद्दल एक विशेष सूचना. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात परततात. गावातील वृद्धांची ही दोन वेगवेगळी आयुष्ये आहेत. केवळ एकाच मोसमात पाहणी केली तर चित्र अर्धे राहील. म्हणून शक्य असल्यास त्याच माणसांना हंगाम चालू असताना एकदा आणि कुटुंब परतल्यावर एकदा भेटावे. ‘तुमची काळजी कोण घेते’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुम्ही कोणाकोणाची काळजी घेता’ हा प्रश्न विचारायलाच हवा. शाळकरी नातवंडांचा स्वयंपाक, पाणी, जळण, शेळ्या, रेशन आणि घराची राखण हे सर्व सत्तरीच्या आजी एकट्या करीत असतात, आणि तरीही सरकारी कागदावर त्यांची नोंद ‘अवलंबित’ अशी होते. साखर कारखान्याचा हंगाम ज्यांच्या श्रमावर चालतो त्यांच्यात या आजींची गणना कोणी करीत नाही. आपल्या प्रबंधाने ती करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुलनेसाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीचा आधार घ्यावा. तिच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस व त्यापुढील वयाची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक व्यक्तींशी बोलून, शिवाय त्यांच्या हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग मोजून माहिती जमवली आहे, आणि तीच माणसे पुढे पुन्हा पाहण्याची तिची योजना आहे. अभ्यासकांना अर्ज करून ही माहिती मिळते. पाहणीत आधार क्रमांक मागू नये, योजना मिळवून देण्याचे आश्वासन देऊ नये, आणि उत्तर द्यायचे नसेल तर न देण्याची मोकळीक प्रत्येकाला आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगावी.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. आमच्याकडे वृद्धाश्रम नावालाच आहेत आणि म्हातारी माणसे लेकांजवळच राहतात. मग शहरांचा हा प्रश्न ग्रामीण मराठवाड्यावर लादण्याचे प्रयोजन काय?

उत्तर : गुरुजी, आकडे आपल्या समजुतीच्या विरुद्ध आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ व त्यापुढील वयाचे लोक देशात सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रातील प्रमाण ९.९ टक्के म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. त्यातच कर्ती मुले पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरच्या कारखान्यांत गेली की गावात मागे राहणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण आपोआप वाढते.

एका छताखाली राहणे ही गोष्ट मोलाची आहे, तिचे महत्त्व मी कमी करीत नाही. तथापि एकत्र राहणे ही घराची रचना झाली; त्या घरात वृद्धाला काय मिळते ते वेगळे पाहावे लागते. विशेषतः विधवा स्त्रियांकडे पाहावे. लग्नात नवरा वयाने मोठा, आणि स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक, या दोन कारणांनी वृद्धापकाळातील वैधव्य हा प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला येणारा काळ आहे. आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव फारच कमी वेळा असते. वृद्धाश्रम नाहीत याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. आपल्याच गल्लीत चार घरी जाऊन आजींशी निवांत बोलावे, ही विनंती.

प्रश्न : माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. गेल्या वर्षभरात त्यांचा विसरभोळेपणा वाढला आहे. चुलीवर पाणी ठेवून विसरतात, जेवण होऊन तास झाला नाही तोच ‘मला जेवायला दिलंच नाही’ असे शेजारणीला सांगतात. गावात माझी बदनामी होते आहे. घरचे म्हणतात, म्हातारपण आहे, चालायचेच. खरेच तसे आहे का? (एक गृहिणी, जालना जिल्हा)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील दुःख मला कळते. जेवल्याचे न आठवणे आणि म्हणून उपाशी ठेवल्याची तक्रार करणे, हे स्मृतिभ्रंशाच्या आजारात वारंवार दिसणारे लक्षण आहे. सासूबाई खोटे बोलत नसाव्यात. जेवल्याची आठवण त्यांच्या मनात उमटतच नसावी. ही गोष्ट आपल्या यजमानांना आणि शक्य असेल तर त्या शेजारणीलाही समजावून सांगावी. त्याने बदनामी लगेच थांबणार नाही, पण भांडणाचे कारण पुष्कळ अंशी दूर होईल.

‘म्हातारपण आहे, चालायचेच’ हे म्हणणे चुकीचे आहे. वयाबरोबर नाव आठवायला वेळ लागतो, वस्तू कोठे ठेवली ते सापडत नाही, हे स्वाभाविक होय. रोजचे जगणे बिघडवणारे विस्मरण हा आजार असतो. ‘लासी’ पाहणीशी जोडलेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. मात्र प्रत्येक विस्मरण तो आजार नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मनाची खिन्नता, ऐकू कमी येणे आणि काही औषधे यांमुळेही विसरणे वाढते, आणि यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून रक्त तपासणी आणि कानांची तपासणी आधी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मेंदूविकार अथवा मनोविकार विभागात दाखवावे. बदल वर्षभरात हळूहळू न होता दोन-तीन दिवसांत अचानक झाला, आजी भलतेच बोलू लागल्या, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यामागे लघवीचा संसर्ग, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे, क्षारांचे प्रमाण बिघडणे अशी कारणे असू शकतात आणि उशीर जिवावर बेतू शकतो.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी : सासूबाई शाळेत गेल्या आहेत की नाही. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणे, एक वाक्य लिहिणे, लिहिलेली सूचना वाचून तसे करणे अशा गोष्टी असतात. निरक्षर पण तल्लख बाई त्यांत नापास होते आणि तिच्यावर आजाराचा शिक्का बसतो. ही अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगड भागात काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली. तिच्यात शंभरातून सातऐवजी विसातून तीन वजा करायला सांगतात, आणि लिखित सूचनेच्या जागी ‘माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे म्हणून डोळे मिटून दाखवतात. बाजारहाटात पैशांचा हिशेब अचूक ठेवणाऱ्या आपल्या बायकांना न्याय देणारी अशीच पद्धत हवी.

घरात एवढे करावे : सासूबाईंशी ‘आत्ताच तर जेवलात’ असा वाद घालू नये, त्याऐवजी थोडे दूध, केळे किंवा भाकरीचा चतकोर हाती द्यावा. चुलीजवळ त्यांना एकटे सोडू नये. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. आणि आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्या कोणी त्यांच्याजवळ बसावे, ही जबाबदारी यजमानांनी आणि नणंदेने घ्यावी. सतत पहारा देणाऱ्या सुनेची प्रकृती ढासळली तर आजींचीही देखभाल कोसळते, म्हणून आपली विश्रांती हा त्यांच्या उपचाराचाच भाग समजावा.

प्रश्न : चार वर्षांमागे मी सगळी पाच एकर जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. आता तो विचारत नाही. जमीन परत मिळेल काय? (वय ७१, धाराशिव जिल्हा)

उत्तर : मार्ग आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार, मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट पाळली नाही तर ते हस्तांतर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. बक्षीसपत्रात किंवा त्याच वेळी केलेल्या वेगळ्या लेखात सांभाळण्याचा उल्लेख आहे का, ते प्रथम पाहावे, कारण केवळ मनातली अपेक्षा पुरेशी ठरत नाही. उल्लेख असेल तर आपली बाजू भक्कम आहे. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवून, या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे स्पष्ट केले. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, करावा. उल्लेख नसला तरी दरमहा निर्वाहखर्चाचा स्वतंत्र अर्ज त्याच ठिकाणी करता येतो आणि त्याचा निकाल नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत लागावा, असे कायदा सांगतो. कागद तपासण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सल्ला मिळतो.

ज्यांनी अद्याप जमीन दिलेली नाही त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे : हयातीत सर्व मालमत्ता देऊन टाकू नये. मृत्युपत्र करावे, ते कधीही बदलता येते आणि मालकी अखेरपर्यंत आपली राहते. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. ‘पोरावर विश्वास नाही का’ असे कोणी म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : आजीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून श्रावणबाळ योजनेचे पैसे अडतात. आजी अंथरुणावर आहे. तिच्याऐवजी मला पैसे काढता येतील का? (बी.ए. चा विद्यार्थी, हिंगोली जिल्हा)

उत्तर : आयुष्यभर खुरपे आणि कोयता चालवलेल्या हातांचे ठसे झिजतात, हा आजींचा दोष नव्हे आणि त्यासाठी पैसे अडणे योग्य नाही. यंत्राचा ठसा हा एकमेव मार्ग नाही. आजारी खातेदाराचा अंगठा पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर घेता येतो. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शिवाय सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना कळवले आहे. शाखेत लेखी अर्ज करावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर दूरध्वनी करावा. फोन आपण लावावा, पण बोलणे शक्य असेल तर आजींनाच बोलू द्यावे.